ट्रकच्या इंजिनसाठी स्पार्क प्लग कसे निवडायचे: नंबर, हीट रेंज, धातू आणि गॅप

दुकानात प्लग मागण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा, बाळबोध वाटला तरी. आपल्या ट्रकला स्पार्क प्लग आहेत का? डिझेल इंजिनात ते नसतात. तिथे हवा एवढी दाबली जाते की तिच्याच उष्णतेनं डिझेल पेटतं. डिझेल गाडीत दिसतात ते ग्लो प्लग, आणि त्यांचं काम गार इंजिन सुरू होताना आतली जागा तापवण्यापुरतं. स्पार्क प्लग लागतात पेट्रोल, सीएनजी, एलपीजी आणि बऱ्याच एलएनजी इंजिनांना. सगळ्या एलएनजी इंजिनांना मात्र नाही. व्होल्वोच्या एफएच एलएनजी ट्रकमध्ये थोडंसं डिझेल फवारून त्यावर गॅस पेटवतात, म्हणजे प्लगचा संबंधच नाही. स्कॅनिया आणि इव्हेकोची गॅस इंजिनं प्लगवर चालतात. तेव्हा टाकीवर ‘गॅस’ लिहिलंय एवढ्यावर ऑर्डर देऊ नका.

प्लग किती लागणार हेही मोजून घ्या. जेवढे सिलिंडर तेवढे प्लग हा हिशेब नेहमी जुळत नाही. रॅम पिकअपमधल्या ५.७ लिटर हेमी इंजिनाला सिलिंडर ८ आणि प्लग १६ लागतात. ८ प्लग घेऊन काम काढलं तर अर्धं इंजिन उघडं टाकून पुन्हा दुकान गाठावं लागतं.

पहिली पायरी: कंपनीचा मूळ नंबर मिळवा

प्लगची सगळी निवड एका नंबरापासून सुरू होते. गाडीच्या मॅन्युअलमध्ये प्लगचा पार्ट नंबर आणि गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती दोन टोकांमधली फट, दिलेला असतो. बऱ्याच गाड्यांच्या बॉनेटखालच्या उत्सर्जनाच्या स्टिकरवरही गॅप छापलेला असतो. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे चेसिस नंबर देऊन पार्ट कॅटलॉगमधून नंबर काढणं. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन वेगळी इंजिनं बसवलेली असतात, आणि कंपनी पुढे जाऊन जुना नंबर बंद करून सुधारित नंबर देते. या दोन्ही गोष्टी कॅटलॉगमध्ये कळतात, गाडीच्या नावावरून कळत नाहीत.

इंजिनात आत्ता बसलेला प्लग बघून “हाच द्या” म्हणणं मला अजिबात पटत नाही. तो प्लग आधीच्या मालकानं किंवा घाईतल्या मेकॅनिकनं हाताला लागला म्हणून बसवलेला असू शकतो. आटे जुळले की प्लग बसतो, इंजिन सुरूही होतं, आणि चुकीची हीट रेंज (प्लग उष्णता किती लवकर सोडतो त्याचं माप) वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही. जुना प्लग पुरावा म्हणून उपयोगी आहे. त्याच्याबद्दल पुढे बोलू.

दुसरी पायरी: नंबर वाचता आला पाहिजे

प्लगवरची अक्षरं आणि आकडे म्हणजे त्याची पूर्ण कुंडली. एनजीके कंपनीचा ‘बीपीआर६ईएस-११’ हा जुना, सर्वत्र मिळणारा प्लग घेऊ. ‘बी’ म्हणजे १४ मिलिमीटर व्यासाचे आटे आणि २०.८ मिलिमीटरचा षट्कोन. ‘पी’ म्हणजे चिनीमातीचं टोक पुढे आलेलं. ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर आहे. ‘६’ ही हीट रेंज. ‘ई’ म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर, ‘एच’ असता तर १२.७. ‘एस’ हा मधल्या इलेक्ट्रोडचा (ठिणगीच्या मधल्या टोकाचा) साधा, तांब्याच्या गाभ्याचा प्रकार. शेवटचे ‘११’ म्हणजे गॅप १.१ मिलिमीटर.

गॅपचा भाग सोडला तर हाच प्लग बॉशमध्ये ‘डब्ल्यूआर७डीसी’, डेन्सोमध्ये ‘डब्ल्यू२०ईपीआर-यू’ आणि चॅम्पियनमध्ये ‘आरएन९वायसी’ या नंबरांनी मिळतो. हीट रेंजचे आकडे बघा: ६, ७, २०, ९. प्लग एकच, आकडे चार. त्यात फसवी गोष्ट अशी की एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग ‘थंड’ होत जातो, तर बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की ‘गरम’ होत जातो. एनजीकेचा ६ मिळाला नाही म्हणून बॉशचा ६ उचलला तर प्लग बसेल, गाडी चालेल, पण हीट रेंज बदललेली असेल. कंपनी बदलायची तर क्रॉस रेफरन्सचा तक्ता समोर ठेवूनच बदला, आणि शक्यतो प्लग बनवणाऱ्या कंपनीचा तक्ता वापरा.

रेझिस्टरचं अक्षर किरकोळ समजू नका. साधारण ५ किलो-ओहमचा हा रेझिस्टर ठिणगीतून निघणारा विद्युत गोंगाट दाबतो. ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि सेन्सर असलेल्या गाडीत बिनरेझिस्टरचा प्लग टाकला की रेडिओत खरखर येतेच, शिवाय सेन्सरचे सिग्नल बिघडून उगाच फॉल्ट कोड येऊ शकतात.

तिसरी पायरी: माप जुळवा, इथे तडजोड नाही

आट्यांचा व्यास १०, १२, १४ किंवा १८ मिलिमीटर असतो. व्यास चुकला तर प्लग बसणारच नाही, त्यामुळे ती चूक स्वतःहून पकडली जाते. लांबीची चूक पकडली जात नाही. आटे गरजेपेक्षा लांब असले तर टोक आत घुसून पिस्टनवर किंवा व्हॉल्व्हवर आदळू शकतं. आदळलं नाही तरी बाहेर आलेले आटे तापून लाल होतात आणि त्यांच्यावर कार्बन साचून पुढच्या वेळी प्लग निघताना हेडचे (सिलिंडरवरच्या झाकणाचे) आटे घेऊन निघतो. लांबी कमी पडली तर ठिणगी खोबणीत पडते, मिश्रण नीट पेटत नाही, आणि हेडचे उघडे राहिलेले आटे कार्बननं भरतात.

सीटचे दोन प्रकार आहेत: वॉशरवर बसणारी सपाट सीट आणि वॉशर नसलेली निमुळती सीट. निमुळत्या जागी सपाट सीटचा प्लग किंवा उलट, दोन्ही प्रकारांत गॅस गळणार आणि प्लगची उष्णता हेडमध्ये उतरणार नाही. निमुळत्या सीटला जादाचा वॉशर घालायचा नसतो.

राहिली वरची टोपी. काही कॅपना प्लगच्या डोक्यावर स्क्रूचा नट लागतो, काहींना नट काढलेला बारीक आटा लागतो. पाकिटातून निघालेला नट हातानं सैलसर बसवलेला असतो. तो ठेवायचा असेल तर पक्का आवळा, नाहीतर तिथेच ठिणगी उडून मिसिंग, म्हणजे मधूनच सिलिंडर न पेटणं, सुरू होतं.

चौथी पायरी: हीट रेंज

गरम प्लग जास्त गरम ठिणगी देतो हा समज खूप पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. हीट रेंजचा ठिणगीच्या जोराशी काही संबंध नाही. टोकाला लागलेली उष्णता प्लग किती लवकर हेडमध्ये सोडतो, एवढंच ती सांगते. चिनीमातीचं नाक लांब असेल तर उष्णतेला लांबचा रस्ता पडतो आणि टोक तापलेलं राहतं: हा गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता झटकन निघून जाते: हा थंड प्लग.

टोकाचं तापमान साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर असेल तर त्यावर बसलेली काजळी आपोआप जळून जाते. ८०० ते ८५० च्या पुढे गेलं तर टोक निखाऱ्यासारखं होतं आणि ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटवतं. पिस्टन वर येत असतानाच स्फोट झाला की पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही. योग्य प्लग म्हणजे रिकाम्या गाडीच्या आयडलिंगपासून भरल्या गाडीच्या चढापर्यंत या दोन हद्दींच्या आत राहणारा प्लग. एनजीकेच्या एका पायरीनं टोकाच्या तापमानात साधारण ७० ते १०० अंशांचा फरक पडतो, म्हणून एक पायरी ही छोटी गोष्ट नाही.

ट्रकवाल्यांचा नेहमीचा प्रश्न असतो: गाडी कायम भरलेली असते, मग एक पायरी थंड घालू का? गाडी कंपनीनं ठरवलेल्या वजनाच्या आत चालत असेल तर माझं उत्तर नाही असं आहे. कंपनीनं प्लग निवडताना ते वजन धरलेलंच असतं. थंड प्लगाचा विचार तेव्हा करा जेव्हा इंजिनाच्या मुळात बदल झालाय: टर्बो किंवा सुपरचार्जर बसवलाय, कम्प्रेशन वाढवलंय, ठिणगीचं टायमिंग पुढे घेतलंय, किंवा पेट्रोल इंजिनाला गॅस किट लावलंय. जड ट्रेलर ओढत लांबलांब चढ सतत चढत असाल आणि जुन्या प्लगवर जास्त तापल्याच्या खुणा दिसत असतील तरीही एकच पायरी.

उलट बाजूनं, तेल खाणाऱ्या जुन्या इंजिनात प्लग काळे पडतात म्हणून गरम प्लग घालण्याची पद्धत आहे. रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलचं काम निघेपर्यंत गाडी कशीबशी चालवायला ती चालते. पण तीच गाडी एक दिवस पूर्ण भरून घाटात घातली तर तोच प्लग इंजिन संपवू शकतो. ट्रकमध्ये मी हा उपाय टाळतो.

जुने प्लग काय सांगतात

नवे प्लग मागवण्याआधी जुने काढून सिलिंडरच्या क्रमानं मांडून ठेवा. शक्य नसेल तर निदान एक-दोन काढून बघा. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर हीट रेंज बरोबर आहे, तीच परत घ्या. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रणात इंधन जास्त, एअर फिल्टर चोंदलेला, फार वेळ आयडलिंग, किंवा प्लग गरजेपेक्षा थंड. ओला तेलकट काळा थर म्हणजे आत तेल येतंय, आणि प्लग बदलून ते थांबणार नाही. पांढरं फटक टोक, त्यावर बारीक फोड, इलेक्ट्रोडच्या कडा वितळलेल्या, हे सगळं जास्त तापल्याचं लक्षण. तिथे लगेच थंड प्लगाकडे धावू नका. आधी मिश्रण पातळ होतंय का (हवा जास्त, इंधन कमी), कूलंट नीट फिरतंय का, टायमिंग बरोबर आहे का, प्लग ढिला तर नव्हता ना, हे बघा. चिनीमातीचं नाक तडकलेलं असेल तर इंजिन ठोकत असण्याची शक्यता मोठी.

आठातला एकच प्लग वेगळा दिसत असेल तर दोष त्या सिलिंडरमध्ये आहे, प्लगाच्या निवडीत नाही. आणि बाहेरच्या पांढऱ्या चिनीमातीवर, धातूच्या कडेलगत तपकिरी पट्टा दिसला तर घाबरू नका. उच्च दाबाच्या विजेमुळे हवेतले तेलाचे कण तिथे चिकटतात. त्याला गॅसगळती समजून चांगले प्लग फेकून दिलेले मी पाहिलेत.

पाचवी पायरी: निकेल, प्लॅटिनम की इरिडियम

जाहिराती सगळ्यात जास्त इथेच बोलतात, म्हणून धातूचा विचार मुद्दाम हीट रेंजनंतर करावा. निकेल १४५५ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १७६८ ला, इरिडियम २४४६ ला. इरिडियम एवढं टणक असल्यामुळे मधलं टोक ०.४ ते ०.७ मिलिमीटर एवढं बारीक ठेवता येतं, निकेलमध्ये तेच अडीच मिलिमीटरच्या आसपास लागतं. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते आणि टोक झिजतंही हळू. निकेलचे प्लग साधारण ३० ते ५० हजार किलोमीटर चालतात, चांगले प्लॅटिनम आणि इरिडियम लाखाच्या घरात जातात. इरिडियमनं ताकद वाढते असं मात्र नाही. जुना झिजलेला प्लग काढून कोणताही नवा योग्य प्लग घातला की पिकअप सुधारतो, आणि श्रेय धातूला जातं.

कंपनीनं इरिडियम दिलं असेल तर निकेलवर उतरू नका. त्या इंजिनाची सर्व्हिसची मुदत आणि कॉइल (प्लगला उच्च दाबाची वीज देणारा भाग) महाग धातू धरून ठरवलेली असते. कंपनीनं निकेल दिलं असेल तर इरिडियमवर जायला हरकत नाही, पण हीट रेंज आणि गॅप तेच ठेवून. केबिनखाली दडलेले मागचे प्लग काढायला अर्धा दिवस जात असेल तर जास्त चालणारा प्लग घेणं शहाणपणाचं आहे. दोन-तीन टोकांचे प्लगही मिळतात. त्यात ठिणगी एका वेळी एकाच टोकावर पडते, म्हणजे फायदा झाला तर आयुष्याचा, जोराचा नाही.

एक कॉइल दोन सिलिंडरना एकाच वेळी ठिणगी देते अशी जुनी इग्निशन पद्धत असेल तर डबल प्लॅटिनम किंवा दोन्ही टोकांना महाग धातू असलेला प्लगच घ्या. त्या पद्धतीत निम्म्या प्लगांमध्ये वीज उलट दिशेनं, बाहेरच्या टोकाकडून मधल्या टोकाकडे जाते, आणि झीज बाहेरच्या टोकाची होते.

लाख किलोमीटर न हललेल्या प्लगाचा तोटाही असतो: तो अडकतो. २००४ ते २००८ च्या फोर्ड ट्रकमधलं ५.४ लिटर, ३ व्हॉल्व्हचं ट्रायटन इंजिन यासाठी बदनाम आहे. त्याचे मूळ प्लग दोन भागांचे होते. खालच्या लांब नळीभोवती कार्बन जमायचा आणि काढताना नळी तुटून हेडमध्येच राहायची. त्या इंजिनासाठी पुढे एकसंध बांधणीचे प्लग आले, आणि मी असतो तर तेच घेतले असते.

सहावी पायरी: गॅप

नवा प्लग पाकिटातून बरोबर गॅपचा येतो असं धरू नका. एकच प्लग अनेक इंजिनांसाठी विकला जातो, आणि वाहतुकीत आपटल्यानं टोक वाकतं. पेट्रोल इंजिनात गॅप बहुधा ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो, तुमचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. गॅप मोठा असेल तर कॉइलवर ताण येतो. सिलिंडरमधला दाब जितका जास्त, तितकं ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणूनच रिकाम्या ट्रकमध्ये काही जाणवत नाही आणि माल भरून चढ लागला की मिसिंग सुरू होतं. गॅप फार लहान असेल तर ठिणगी तोकडी पडते आणि आयडलिंग खडबडीत होतं.

मापायला तारेचा गेज वापरा. नाण्यासारखा गोल, तिरक्या कडेचा गेज मध्ये घुसवून फिरवला की इरिडियमचं बारीक टोक मोडतं. वाकवायचं ते फक्त बाहेरचं टोक, मधल्या टोकावर जोर अजिबात द्यायचा नाही. ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त बदल करावा लागत असेल तर प्लगाचा नंबरच पुन्हा तपासा.

गॅसवर चालणारं इंजिन असेल तर

सीएनजीच्या मिश्रणात ठिणगी उडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलची वाफ होताना मिश्रण थोडं गार होतं, तो फायदा गॅसमध्ये नाही. त्यामुळे गॅसवर प्लग लवकर झिजतात, आणि झिजलेल्या प्लगाचा त्रास पेट्रोलवर जाणवण्याआधी गॅसवर जाणवतो. नंतर किट बसवलेल्या गाडीत किट बनवणाऱ्यानं सांगितलेला गॅप ठेवा. तो बहुधा मूळच्यापेक्षा कमी असतो. हीट रेंज एक पायरी थंड लागू शकते, पण गाडी अजूनही बराच वेळ पेट्रोलवर चालत असेल तर मूळचीच बरी. प्लगांबरोबर वायर आणि रबरी बूटही तपासा. जास्त व्होल्टेज कमकुवत जागा शोधूनच काढतं. कंपनीतूनच गॅसवर आलेल्या जड इंजिनांना त्यांचे ठरलेलेच प्लग घाला. तिथे बदलण्याची मुदत कधी किलोमीटरऐवजी चालल्या तासांत दिलेली असते.

खरेदी आणि बसवणं

नामांकित कंपन्यांच्या इरिडियम प्लगांची नक्कल भरपूर होते. षट्कोनाच्या कडा ओबडधोबड, छपाई पुसट, मधलं टोक जाडसर किंवा वाकडं, वॉशर सहज गळून पडणारा, असं काही दिसलं तर प्लग परत करा. सगळे एकाच नंबरचे घ्या आणि सगळे एकदम बदला. हातातून जमिनीवर पडलेला प्लग वापरू नका. आतली चिनीमाती तडकली तर बाहेरून दिसत नाही.

इंजिन गार झाल्यावरच प्लग काढा, विशेषतः हेड ॲल्युमिनियमचं असेल तर. आधी खोबणीतली धूळ हवेनं उडवा. नवा प्लग पहिल्यांदा हातानं, पान्याच्या नुसत्या एक्स्टेंशननं किंवा रबरी नळीच्या तुकड्यानं फिरवत बसवा, म्हणजे आटे तिरके चढत नाहीत. ॲल्युमिनियम हेडमध्ये वॉशरच्या १४ मिलिमीटर प्लगाला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरला १५ ते २०, १० मिलिमीटरला १० ते १२ एवढा टॉर्क लागतो. निमुळत्या सीटच्या १४ मिलिमीटर प्लगाला १० ते २० पुरतो. मॅन्युअलचा आकडा वेगळा असेल तर तोच खरा. टॉर्क पाना नसेल तर हातानं टेकल्यावर नवा वॉशरवाला प्लग अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, निमुळता फक्त सोळावा भाग. ढिला राहिलेला प्लगही धोक्याचाच, कारण उष्णता सीटमधूनच हेडमध्ये उतरते.

आट्यांना अँटी-सीझ लावू नका. आजच्या प्लगांवर आधीच मुलामा असतो, आणि वंगण लावलं की त्याच टॉर्कला प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात बूटच्या आतल्या रबराला पुरे.

बसवून झाल्यावर मिसिंग उरलं आणि स्कॅनरवर, समजा, पी०३०३ (तिसऱ्या सिलिंडरच्या मिसिंगचा कोड) आला, तर तिसऱ्या सिलिंडरची कॉइल दुसरीकडे बदलून बघा. कोड कॉइलबरोबर सरकला तर कॉइल खराब. नाही सरकला तर तोच प्रयोग प्लगाचा करा. तरीही तिसराच सिलिंडर अडत असेल तर इंजेक्टर आणि कम्प्रेशन तपासा.